सातासमुद्रापारची लेक

लेक न्यू जर्सीत, आईवडील साताऱ्यात. आपल्याकडे सकाळचे सात वाजतात तेव्हा तिकडे उन्हाळ्यात आदल्या रात्रीचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेआठ. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये तिथली घड्याळं तासभर पुढे-मागे होतात. म्हणजे फोन उचलला नाही की लगेच रुसायला नको!

पण बोलायचं काय? "जेवलीस का"पाशीच गाडी अडते. त्यापेक्षा कुंडीतल्या कढीपत्त्याला फुटलेली पालवी दाखवा.

अशा छोट्या चांगल्या गोष्टी टिपण्यावर एक प्रयोगही झाला आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एमन्स आणि मॅककलो यांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थी दर आठवड्याला कृतज्ञता वाटावी अशा पाचपर्यंत गोष्टी लिहीत, तर काही जण कटकटी. पहिले अधिक समाधानी आढळले. आईने वहीऐवजी लेकीलाच अशी एखादी गोष्ट सांगावी.