नव्या वस्तीचे ओझे कोणी वाहायचे?

(नागरी प्रश्नांवरील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आपल्या शहरांची वाढ कशी होते, याचा क्रम आता सर्वांना पाठ झाला आहे. आधी इमारत उभी राहते, मग माणसे राहायला येतात, मग टँकर येतो, आणि शेवटी कधीतरी जलवाहिनी येते. वरातीमागून घोडे ही म्हण आपल्या नगररचनेला जितकी चपखल लागू पडते, तितकी अन्यत्र क्वचितच पडेल. पुणे महापालिकेच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली. हद्द वाढवण्यास एक अधिसूचना पुरते. पाणी पोहोचवण्यास पैसा लागतो.

किती लागतो, याचा अंदाज घेऊ. शंभर कुटुंबांचे एक संकुल, म्हणजे सुमारे पाचशे माणसे. दरडोई १३५ लिटरचा मान्य निकष धरला, तर रोज ६७,५०० लिटर पाणी हवे. म्हणजे दहा हजार लिटरचे सात टँकर! याखेरीज तेवढ्याच प्रमाणात सांडपाणी, वाहने, शाळेतील मुले आणि कचरा. हे ओझे त्या दिवसापर्यंत शहरावर नव्हते. ते कोणी वाहायचे? जुन्या रहिवाशाने करवाढीतून, की नव्या बांधकामाने स्वतः?

अमेरिकेने या प्रश्नाला दिलेल्या उत्तराचे नाव ‘इम्पॅक्ट फी’. त्याला आपण प्रभाव शुल्क म्हणू. टेक्सास राज्याने १९८७ मध्ये त्यासाठी कायदा केला. परंतु तेथील न्यायालयांनी या शुल्काला लगामही घातला. शुल्क आणि बांधकामामुळे पडणारा भार यांचा थेट संबंध हवा, हे १९८७ च्या नोलन खटल्यात, आणि त्यांचे प्रमाण ढोबळमानाने तरी जुळले पाहिजे, हे १९९४ च्या डोलन खटल्यात ठरले. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातील अल डोराडो परगण्याने एका घरमालकाकडून घेतलेल्या सुमारे २३ हजार डॉलरच्या वाहतूक शुल्काचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले. दर तक्त्याने ठरवला म्हणून शुल्क या कसोटीतून सुटत नाही, असा निर्वाळा न्यायालयाने एकमताने दिला.

आपल्याकडे काय आहे? महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमात १९९२ मध्ये विकास शुल्काचे स्वतंत्र प्रकरण घातले गेले. २०१० पासून हे शुल्क रेडी रेकनरशी जोडले गेले. निवासी बांधकामासाठी जमिनीच्या क्षेत्रावर दराच्या अर्धा टक्का आणि बांधकाम क्षेत्रावर दोन टक्के. मेट्रोसारखे वाहतूक प्रकल्प असलेल्या शहरांत ते दुप्पट करण्याची तरतूद २०१५ मध्ये झाली. वसुली सोपी झाली, हे खरे. पण हिशेबाचे काय?

समजा, शहराच्या मध्यभागी जमिनीचा दर चौरस मीटरला ५० हजार रुपये आहे आणि वेशीवर १० हजार. शंभर चौरस मीटर बांधकामावर दोन टक्क्यांनी मध्यभागी एक लाख रुपये भरावे लागतील, वेशीवर केवळ वीस हजार. घरातली माणसे मात्र तितकीच, पाणीही तितकेच. उलट वेशीवर जलवाहिनी दुरून आणावी लागते, मैलावाहिनी नव्याने टाकावी लागते. जिथे खर्च अधिक तिथे शुल्क कमी! जमिनीची किंमत मोजणारे शुल्क ओझे मोजत नाही, ही यातील मूलभूत विसंगती आहे.

मग शुल्काची रचना कशी असावी? पहिली पायरी म्हणजे आराखडा. येत्या दहा वर्षांत त्या भागात किती लोक येणार, त्यांना कोणत्या टाक्या, वाहिन्या, रस्ते लागणार आणि त्यांचा खर्च किती, हे जाहीर व्हावे. दुसरी, विभागणी. त्या खर्चातून जुन्या वस्तीची थकलेली कामे वगळावीत, कारण जुनी तूट भरून काढणे ही नव्या माणसाची जबाबदारी नव्हे. तिसरी, वजावट. शासनाचे अनुदान आणि नवा रहिवासी पुढे भरणार असलेल्या मालमत्ताकरातून याच कामांवर होणारा खर्च वजा करावा. एकाच नळासाठी दोनदा पैसे घेणे न्याय्य नाही. चौथी, सवलत. लहान घरांवरचा भार हलका करावा, आणि सुटलेली रक्कम महापालिकेने आपल्या अंदाजपत्रकातून भरावी.

पाचवी पायरी सर्वांत महत्त्वाची: स्वतंत्र खाते आणि मुदत. कॅलिफोर्नियात पाच वर्षे पडून राहिलेल्या रकमेचे प्रयोजन पुन्हा सिद्ध करावे लागते. अन्यथा ती परत करावी लागते. आपल्याकडे २०१३ नंतर जकात गेली, २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांचा स्थानिक संस्था कर गेला आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला. महापालिकांचे हक्काचे उत्पन्न आटले. अशा वेळी बांधकाम परवान्याचा पैसा पगार आणि देखभालीकडे वळवण्याचा मोह होतो. पण मग आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

एक सावधगिरीही हवी. गुजरातमध्ये अनधिकृत बांधकाम नियमित करून घेण्याच्या रकमेलाच लोक ‘इम्पॅक्ट फी’ म्हणतात. नाव तेच, पण तो नियमभंगानंतरचा दंड आहे. प्रभाव शुल्क हे नियम पाळणाऱ्याने आधी द्यायचे असते, आणि त्याबदल्यात सुविधा मिळण्याचा त्याला हक्क असतो.

बिल्डर हे शुल्क ग्राहकाच्या माथी मारणार नाही का? बाजारात मागणी जोरात असेल, तर बराचसा भार ग्राहकावर जाईल. दर आधीच ठाऊक असतील, तर काही भाग जमिनीच्या किमतीतून कमी होईल. परंतु आजही ग्राहक टँकरचे पैसे दरमहा मोजतोच आहे, आणि त्यातून एक फूटही जलवाहिनी पडत नाही.

म्हणून प्रत्येक जागरूक नागरिकाने, प्रत्येक गृहनिर्माण सोसायटीने आपल्या महापालिकेला तीन प्रश्न लेखी विचारावेत. आमच्या भागातून विकास शुल्क किती जमा झाले? ते कोणत्या खात्यात आहे? त्यातून आमच्या भागात काय उभे राहिले? माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हाती आहे. शुल्क भरणे हे कर्तव्य असेल, तर त्याचा हिशेब मागणे हेही तितकेच मोठे कर्तव्य आहे.