हॅटरासच्या किनाऱ्यावर शरदातली मासेमारी

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याला लागून ‘आऊटर बँक्स’ ही वाळूच्या चिंचोळ्या बेटांची रांग आहे. पुढे अटलांटिक, पाठीशी उथळ पॅम्लिको खाडी. ऑक्टोबर लागला की इथले गळवाले पाण्याआधी वारा पाहतात. उत्तरेचा गार वारा सुटला, खाडीचं पाणी निवलं, की बोय माशांचे थवे बेटांमधल्या वाटांनी समुद्रात उतरतात. त्याच सुमारास किनाऱ्यालगत येतो रेड ड्रम. आपल्या घोळीच्याच कुळातला हा मासा. तांबूस अंग आणि शेपटीच्या मुळाशी ठळक काळा ठिपका.

जागा शोधायची ती ओहोटीला. लाटा फुटतात तिथे वाळूचा दांडा असतो आणि त्याच्या अलीकडे गडद पाण्याची घळ. भरती चढू लागली की मासा या घळीत चरायला शिरतो. गळाला ताज्या बोयीचा तुकडा लावावा. शिळ्यात ती गंमत नाही. पाण्याची ओढ जोराची असते, म्हणून शिसंही जड हवं. वारा फारच वाढला, तर दोरीला शेवाळ गुंडाळतं आणि थांबणंच बरं.

याच रांगेतल्या हॅटरास बेटावरच्या एव्हन गावी नोव्हेंबर १९८४मध्ये ४२ किलोंहून जड रेड ड्रम गळाला लागला. तो जागतिक विक्रम ठरला. आज मात्र तिथे दिवसाला एकच, १८ ते २७ इंचांचा मासा ठेवता येतो. त्याहून मोठे मासे वीण वाढवणारे असल्यानं ते परत सोडावेच लागतात. हा नियम अगदी योग्य आहे.