जहाजे पुन्हा निघाली तेव्हा



समुद्रापासून इतक्या दूर, छत्रपती संभाजीनगरात, आतिथ्यविद्येच्या पदवीदानप्रसंगी मी प्रवासी जहाजांविषयी बोलावे, हे प्रथमदर्शनी अप्रस्तुत वाटेल. परंतु वेरूळ-अजिंठ्याच्या परिसरात ज्यांनी ही विद्या संपादन केली, त्यांच्यापैकी काहीजण उद्या जहाजांवर चाकरीस रुजू होतील, म्हणून कोविडच्या महामारीने त्या व्यवसायाची जी अवस्था केली ती त्यांना ठाऊक असणे मला अगत्याचे वाटते.

फेब्रुवारी 2020 मध्ये योकोहामाच्या बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ अडकली, तेव्हा तिच्यावरील 3,711 माणसांपैकी सातशेहून अधिकांना संसर्ग झाला. प्रवासी आपापल्या खोलीत बंद राहिले; परंतु त्यांच्या दाराशी अन्न पोहोचविणारे, रात्री एकाच खोलीत दाटीने निजणारे आणि एकाच भोजनगृहात जेवणारे सेवक विलग राहणार कसे? जहाजावरील 138 भारतीयांपैकी 132 जण याच वर्गातले होते. एप्रिलमध्ये ‘मरेला डिस्कव्हरी’ मुंबईसमोर येऊन उभी राहिली, तेव्हा तिच्यावरील भारतीय कर्मचाऱ्यांना, ज्यांत गोमंतकीय पुष्कळ होते, किनारा समोर दिसत असूनही केंद्र सरकारचा हुकूम निघेपर्यंत उतरण्याची मुभा मिळाली नाही.

यानंतर सफरी बंद पडल्या, तेव्हा जहाजकंपन्यांनी अब्जावधी डॉलरांची कर्जे उभारली, जुनी जहाजे भंगारात काढली, रद्द झालेल्या सफरींच्या पैशांऐवजी पुढल्या सफरीचे वायदे दिले, आणि लसीकरण व तपासणीच्या अटी पाळून हळूहळू नांगर उचलले. 2019 मध्ये जगात सुमारे 2 कोटी 97 लाख लोकांनी समुद्रपर्यटन केले होते. 2023 मध्ये तो आकडा 3 कोटी 17 लाखांवर गेला. आपल्याकडे मात्र 2019 मध्ये मुंबईहून सुरू झालेल्या जलेश कंपनीचे दिवाळे निघाले आणि तिची ‘कर्णिका’ अलंगच्या किनाऱ्यावर मोडीत गेली. सप्टेंबर 2021 मध्ये कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ निघाली खरी, पण पुढच्याच जानेवारीत 66 जण बाधित आढळल्याने तिला गोव्याहून मुंबईस परतावे लागले. आपल्या वेरूळला प्रवासी आणणारी ‘डेक्कन ओडिसी’ ही रेल्वेगाडी तर 2023 मध्येच पुन्हा रुळांवर आली.

जहाजव्यवसायाच्या या पुनरुत्थानाचे श्रेय ताळेबंद लिहिणाऱ्यांना सहज मिळते. माझ्या मते ते प्रथम त्या खानसाम्यांचे, खोल्या झाडणाऱ्यांचे आणि यंत्रघरातील कामगारांचे आहे, जे महिनोन्‌महिने घरापासून तुटले आणि तरीही बोलावणे येताच पुन्हा शिडी चढले. कारण त्यांच्या कौशल्यावाचून नुसत्या भांडवलाने एकही पंगत उठली नसती. म्हणूनच, मित्रहो, तुमच्यापुढे नेमणुकीचा करार येईल तेव्हा पगाराच्या आकड्यावर थांबू नका. खलाशांच्या हक्कांचा 2006 चा आंतरराष्ट्रीय करार भारताने 2015 मध्ये मान्य केला आहे, आणि खलाशाला मायदेशी पोहोचविण्याची खर्चासह जबाबदारी त्या कराराने जहाजमालकावर टाकली आहे. ते कलम तुमच्या कागदात कोणत्या शब्दांत उतरले आहे हे पाहा, दलालाने घाई केली तरी एक रात्र मागून घ्या, त्या कागदाची प्रत घरी ठेवा, आणि मगच सही करा.