सातपुड्यातली तबकडी

सुरतेत उधना-लिंबायत भागात राहणाऱ्या कितीतरी मराठी घरांची मुळं खानदेशात आहेत. खानदेशातल्याच नंदुरबार जिल्ह्यात, धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरपाड्यांपर्यंत फायबरची तार नेणं फार अवघड. तिथे उपयोगी पडते व्हीसॅट, म्हणजे छपरावर बसणारी साधारण मीटरभर रुंदीची तबकडी. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाकडे ती संकेत पाठवते. उपग्रह ते जमिनीवरच्या केंद्राकडे उतरवतो आणि तिथून ते इंटरनेटला मिळतात. उत्तरही याच वाटेनं येतं. उपग्रह पृथ्वीच्याच गतीनं फिरतो, म्हणून तबकडी एकदा नेमकी रोखली की हलवावी लागत नाही. मात्र या फेरीत जवळपास अर्धा सेकंद जातो, बोलताना तो जाणवतो. शिवाय मुसळधार पावसात संकेत क्षीण होतात. सातपुड्याच्या पावसाळ्यात ही अडचण किरकोळ नाही.

उपग्रहावरूनच इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंक कंपनीचे उपग्रह मात्र सुमारे ५५० किलोमीटरवरून फिरतात, त्यामुळे विलंब खूपच घटतो. नोव्हेंबर २०२५मध्ये महाराष्ट्र सरकारनं या कंपनीबरोबर इरादापत्रावर सह्या केल्या. त्यात नंदुरबारचं नाव आहे. मला मनापासून वाटतं, पहिली जोडणी पाड्यावरच्या आरोग्य केंद्राला मिळावी, आणि तबकडीसोबत सौर पॅनल व बॅटरीही यावी.