अब्बांचं वय आणि बँकेचा नकार



आडनाव ऐकून भाड्याचं घर नाकारलं जातं, हे आपल्यातल्या अनेकांनी पाहिलंय. म्हणून भेदभाव म्हटलं की आपल्याला धर्मच आठवतो. आज मी वयावरून होणाऱ्या भेदभावाबद्दल बोलणार आहे.

आपल्या नगरमधला साठ वर्षांचा गॅरेजवाला डोळ्यांसमोर आणा. पेन्शन नाही, निवृत्तीही नाही. त्याला घरासाठी दहा लाखांचं कर्ज हवंय. सत्तरीच्या आत कर्ज फिटलं पाहिजे, अशी अनेक ठिकाणी अट असते. म्हणजे मुदत 10 वर्षं आणि 9 टक्के व्याजाने हप्ता सुमारे 12,670 रुपये. चाळिशीतल्या माणसाला 20 वर्षं मिळतात, हप्ता सुमारे 9,000. कमाई सारखीच, तरी साठीच्या माणसाला ‘हप्ता झेपणार नाही’ असं सांगितलं जातं.

बँकेची काळजी खोटी नाही. पण घर तारण असतं, विमा काढता येतो, सहकर्जदार घेता येतो. हे सगळं पाहून नाही म्हटलं, तर तो हिशेब. नुसती जन्मतारीख पाहून नाही म्हटलं, तर तो भेदभाव. मी सॉफ्टवेअर लिहितो. वयाची अट एका ओळीत लिहून होते; गॅरेजची कमाई समजून घ्यायला मात्र माणूस लागतो.

कर्ज देताना लिंग, जात, धर्म यांवरून भेदभाव नको, असं रिझर्व्ह बँकेची संहिता सांगते. त्यात वय नाही. संविधानाच्या कलम 15 मध्येही वयाचा उल्लेख नाही. अमेरिकेने 1976 साली समान कर्जसंधीच्या कायद्यात वयाचा समावेश केला. तशी मागणी आपणही करायला हवी.

तोवर काय करायचं? नकाराचं मुख्य कारण लेखी मागा. 2007 पासून सर्व प्रकारच्या कर्जांना हा नियम लागू आहे. बँकेकडे तक्रार करून 30 दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. कर्ज द्यायचं की नाही हे लोकपाल ठरवत नाही, पण नियम मोडल्याची दाद तिथे मागता येते.

आणखी एक. ‘मुलगा कमावतो का?’ असं विचारलं, तर कमावत्या मुलीचं नाव पुढे करा. मात्र हप्ता ती भरणार असेल, तर घराच्या कागदावरही तिचं नाव हवं.

धर्मावरून नकार मिळाला की आपण चिडतो. वयावरून मिळाला की आपणच म्हणतो, “अब्बा, आता या वयात कशाला?” हे म्हणणं थांबवू या. पुढच्या वेळी अब्बा बँकेत निघाले, की कागद घेऊन त्यांच्यासोबत जा.