उडदाच्या मुळावरच्या गाठी
(पाड्यावरच्या शिबिरात केलेलं भाषण)



मोर्चाचं बोलणं झालं, आता थोडं बियाण्याचं बोलू. मागच्या पावसाळ्यात आम्ही पाच-सहा पोरांनी प्लॉटावर उडीद पेरला. अर्ध्या बियाण्याला जिवाणू खत लावलं, अर्धं तसंच ठेवलं. फुलं यायच्या वेळी दोन्हीकडची झाडं मातीसकट खणून काढली. उपटू नका हां, गाठी तुटून मातीतच राहतात. खत लावलेल्या झाडांच्या मुळांवर गाठी जास्त, फोडल्या तर आतून गुलाबी. दुसरीकडे थोड्या, बारीक नि पांढऱ्या.

तो गुलाबी रंग लोहामुळे येतो. आपल्या रक्तात आहे तसंच लोह त्या गाठीत असतं. गाठीत रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात. हवेत शंभरात 78 भाग नत्र आहे, पण झाडाला ते थेट घेता येत नाही. जिवाणू ते झाडाला देतात, झाड त्यांना साखर देतं. त्याच नत्रातून दाण्यात प्रथिनं होतात. 100 ग्रॅम उडदात ती साधारण 24 ग्रॅम असतात. आपल्या पोरांच्या ताटात नागलीच्या भाकरीबरोबर दुसरं असतं काय?

बायांनी विचारलं, मग डाळीत लोह, जस्त पण वाढतं का? खरं सांगायचं तर नेहमीच नाही. झाड जोमदार झालं की मुळं वाढतात, जमिनीतलं जास्त ओढतात. पण जिवाणू आणतो ते हवेतलं नत्र. लोह, जस्त तो बनवत नाही. जमिनीतच नसेल तर दाण्यात कुठून येणार? उलट पीक वाढलं की जमिनीतून तेवढं जास्त निघून जातं. म्हणून शेणखत टाकायचंच. आणि राख. आपली तांबडी वरकस जमीन आंबट, तिच्यात मॉलिब्डेनम नावाचं खनिज झाडाला नीट मिळत नाही, नि त्याच्याशिवाय गाठ काम करत नाही. राखेने आंबटपणा उतरतो. म्हातारी माणसं राख जपतात ती उगाच नाही.

250 ग्रॅमचं पाकीट 10 किलो बियाण्याला पुरतं. गुळाचं पाणी उकळून पूर्ण थंड करायचं, त्यात कालवून बियाण्याला हलक्या हाताने चोळायचं, सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरायचं. रासायनिक खतात मिसळायचं नाही. उडीद, तूर, चवळीला एकच चालतं, हरभऱ्याचं वेगळं.

हे पाकीट मागायला गेलो तर म्हणाले, सातबारा आणा. आमच्याकडे दंडाच्या पावत्या आहेत! पीक आमचं आहे हे दंड करताना दिसतं, पाकीट देताना दिसत नाही. शेवटी वर्गणी काढून दुकानातून घेतलं. पहिलं पाकीट उन्हात पडलेलं, तारीख उलटून गेलेली. त्यातले जिवाणू मेलेलेच असणार. परत केलं, दुसरं घेतलं. तुम्हीपण तारीख वाचून घ्या, वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोराला बरोबर न्या.

यंदा सातबाऱ्याची अट काढा, हे निवेदनात लिहिलंय. उत्तर येईपर्यंत पेरणी थांबणार नाही. पहिला पाऊस पडला की घरचं बियाणं घेऊन इथेच या, गूळ आम्ही आणतो.