रुग्णसेवेत रुग्णाचा वाटा

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



चिटणीसांनी आज आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आम्ही डॉक्टर नव्हे. आमची सारी हयात बँकेच्या हिशेबात गेली. परंतु आमच्या घरात सहा वर्षे डायलिसिस होते. आमचे थोरले बंधू, ज्यांना सारे घर अण्णा म्हणे, आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी चार तास, त्या यंत्राशेजारी पडून असत. त्या सहा वर्षांत आमच्या हातून एक मोठी चूक घडली आणि आमच्या वहिनींच्या हातून एक मोठे काम झाले. या दोन्हींची हकीकत सांगावी आणि तीतून मंडळातील कुटुंबांस काही उपयोग व्हावा, एवढ्याच हेतूने आम्ही आपणांपुढे उभे आहोत.

प्रथम हिशेब मांडतो, कारण तीच आमची सवय. आठवड्याचे तास १६८. निरोगी मनुष्याची मूत्रपिंडे हे १६८ तास अखंड काम करीत असतात. रक्तातील मळ काढतात, जादा पाणी बाहेर टाकतात, क्षारांचे प्रमाण राखतात. ती निकामी झाली म्हणजे हे काम यंत्राने करावयाचे, आणि यंत्रास त्यासाठी मिळतात अवघे १२ तास. उरलेले १५६ तास रुग्ण कोठे असतो? घरी असतो. आपल्या स्वयंपाकघराशेजारी, आपल्या माणसांत असतो. म्हणजे डॉक्टर कितीही कुशल असोत आणि यंत्र कितीही उत्तम असो, उपचाराचा मोठा भाग घरीच घडतो किंवा घरीच बिघडतो. असे असताना घराने स्वतःस केवळ रुग्णास पोहोचविणारे व परत आणणारे समजावे, आणि रुग्णाने स्वतःस केवळ खाटेवरचे एक शरीर समजावे, हा हिशेब चुकला असे आम्ही म्हणतो.

आता आमची चूक सांगतो. गौरीगणपतीचे दिवस होते. घर पाहुण्यांनी भरलेले, हवेत उकाडा, आणि अण्णांचे पाणी मोजून दिलेले. गावाहून कोणी शहाळी आणली होती. आम्ही स्वतः एक शहाळे फोडून अण्णांच्या हाती दिले. ते एकदा नको म्हणाले, दुसऱ्यांदा नको म्हणाले. “अहो, हे तर आजाऱ्याला देतात, औषधच आहे!” असा आम्ही आग्रह केला. तिसऱ्यांदा धाकट्या भावाचे मन मोडवेना म्हणून ते प्याले. दुपारी आणखी एक झाले. रात्री त्यांच्या हातापायांतील शक्ती गेली आणि नाडी मंद झाली. रुग्णालयात नेले तेव्हा कळले की रक्तातील पोटॅशियम वाढून हृदयाचा ठेका बिघडला आहे. त्या रात्री तातडीने डायलिसिस झाले म्हणून अण्णा आम्हांस परत मिळाले.

शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते. निरोगी मनुष्य ते सहज बाहेर टाकतो. ज्याची मूत्रपिंडे बंद आहेत त्याच्या रक्तात ते साठून राहते. ही गोष्ट आम्हांस ठाऊक नव्हती. पथ्याचा कागद अण्णांच्या फाइलमध्ये होता, तोही इंग्रजीत. तो आम्हांस कोणी वाचून दाखविला नाही आणि आम्ही कोणास विचारले नाही. परंतु बंधुभगिनींनो, खरी चूक अज्ञानाची नव्हे. अण्णांस ते ठाऊक होते. त्यांनी दोनदा नको म्हटले होते. आमच्या घरात डायलिसिसविषयी सर्वांत जाणता मनुष्य म्हणजे अण्णा स्वतः, आणि नेमके त्यांचेच बोलणे कोणी ऐकत नव्हते! आजारी माणसास काय कळते, ही समजूत आमच्या मायेच्या पोटी दडलेली होती.

रुग्णास जाणता समजण्याची कल्पना काही आजची नव्हे. डॉ. विलेम कोल्फ यांनी १९४३ साली, महायुद्धाच्या धामधुमीत, हॉलंडमधील कांपेन या गावी कृत्रिम मूत्रपिंडाचे यंत्र रुग्णावर चालविले. त्याने प्राण वाचलेली पहिली रुग्ण, एक ६७ वर्षांची स्त्री, १९४५ साली बरी झाली. परंतु प्रत्येक वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे, म्हणून हा उपाय थोड्या दिवसांपुरताच चाले. १९६० साली अमेरिकेत सिएटल येथे डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातात कायम राहील अशी टेफ्लॉनची नळी बसविली, आणि तेव्हापासून डायलिसिसवर वर्षानुवर्षे जगणे शक्य झाले. लगोलग दुसरा प्रश्न उभा राहिला. रुग्ण अनेक, यंत्रे आणि परिचारिका मोजक्या. तेव्हा १९६४ च्या सुमारास सिएटल, बोस्टन आणि लंडन येथे रुग्णांस व त्यांच्या घरच्यांस शिकवून घरीच डायलिसिस करविण्यास प्रारंभ झाला. म्हणजे या उपचाराच्या बालपणीच घरचे माणूस त्यात भागीदार होऊन बसले होते.

अलीकडचे एक उदाहरण स्वीडनमधील आहे. तेथील योन्शोपिंग शहराच्या रुग्णालयात २००५ साली डायलिसिसवर असलेल्या एका तरुण अभियंत्याने परिचारिकेस विचारले की, हे यंत्र मी स्वतः चालविले तर चालेल काय? तिने नाही म्हटले नाही; तिने त्यास शिकविले. त्याचे पाहून दुसरे रुग्ण शिकले, आणि पुढे तेथे रुग्णांनी स्वतः डायलिसिस करावयाचा स्वतंत्र विभागच उभा राहिला. त्याची रचना ठरवितानाही रुग्णांस विचारण्यात आले. आपल्याकडे उद्या प्रत्येकाने यंत्रास हात घालावा असे आम्ही मुळीच सुचवीत नाही. सुई टोचणे आणि यंत्र चालविणे हे शिकलेल्या हातांचेच काम आहे. आम्हांस त्या गोष्टीतील प्रश्न महत्त्वाचा वाटतो. रुग्णाने विचारले, आणि परिचारिकेने ऐकले.

आमच्या घरी हा प्रश्न वहिनींनी विचारला. शहाळ्याच्या प्रसंगानंतर त्या डायलिसिस विभागातील तंत्रज्ञांपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “मी काय पाहावयाचे ते मला सांगा.” त्या भल्या गृहस्थाने चार गोष्टी सांगितल्या आणि वहिनींनी दोनशे पानी वही घातली. रोज सकाळचे वजन, रक्तदाब, पायांवर सूज आहे की नाही, झोप कशी लागली, पाणी किती झाले. सारे त्या वहीत उतरू लागले. पाण्यात चहा आला, ताक आले, आमटी आणि पेजही आली. डॉक्टरांनी ठरवून दिले होते, आदल्या दिवशीच्या लघवीइतके आणि वर अर्धा लिटर. तेवढे पाणी सकाळीच एका बाटलीत भरून ठेवावयाचे. जे काही पातळ पोटात जाईल तेवढे बाटलीतून ओतून टाकावयाचे. बाटली रिती झाली की दिवसाचे पाणी संपले. या युक्तीने अण्णांस कोणी ‘पुरे’ म्हणून टोकण्याची गरज उरली नाही. हिशेब त्यांच्याच हाती आला, आणि त्यासरशी त्यांचा चिडखोरपणाही पुष्कळ ओसरला.

त्या वहीचे मोल चौथ्या वर्षी कळले. डायलिसिसच्या रुग्णाचे एक वजन ठरविलेले असते. अंगात जादा पाणी नसताना जे वजन भरेल ते. रुग्णालयात त्यास ‘ड्राय वेट’ म्हणतात. अण्णांचे ते ५८ किलो होते, आणि दर खेपेस यंत्र त्यांस बरोबर ५८ वर आणून सोडी. तरीही त्यांस रात्री आडवे होता येईना. एका उशीच्या तीन उशा झाल्या. विचारले की उत्तर मिळे, वजन तर बरोबर आहे. तेव्हा वहिनी वही घेऊन डॉक्टरांकडे गेल्या. “यांच्या सदऱ्याचा गळा सैल झाला आहे, घड्याळाचा पट्टा दोन भोके आत गेला आहे, आणि पायांवर मात्र चपलेचा वळ उमटतो. माणूस वाळतो आहे आणि वजन तेवढेच आहे. मग वाढले काय?” डॉक्टरांनी वही वाचली, अण्णांस तपासले, आणि मान्य केले की अंगावरचे मांस झडून त्याची जागा पाण्याने घेतली आहे. दोन आठवड्यांत ते ठरविलेले वजन हळूहळू साडेपंचावन्नवर आणले, आणि अण्णा पुन्हा एका उशीवर झोपू लागले.

मांस का झडले, तेही वहीतच निघाले. डायलिसिस सुरू होण्यापूर्वी डॉक्टरांनी डाळ, अंडी, मासळी कमी करावयास सांगितली होती. डायलिसिस सुरू झाल्यावर उलट प्रथिने वाढवावी लागतात, कारण त्या प्रक्रियेत काही प्रथिनांश वाहून जातात. आम्ही मात्र जुनेच पथ्य भक्तिभावाने चालवीत होतो. यंत्र वजन सांगते. ते वजन मांसाचे की पाण्याचे, हे ओळखण्यास रोज पाहणारे डोळे लागतात.

या अनुभवातून ज्या गोष्टी प्रत्येक घराने शिकून घ्याव्यात असे वाटते, त्या थोडक्यात सांगतो. ज्या हातावर फिस्टुला, म्हणजे रोहिणी आणि नीला जोडून केलेली वाट, असेल त्या हातावर रोज बोटे ठेवून थरथर लागते की नाही ते पाहावे. ती थांबली तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. त्या हातावर रक्तदाब घेऊ देऊ नये, तपासणीसाठी त्यातून रक्त काढू देऊ नये, आणि जड पिशवी त्यावर लटकवू नये. केळी, चिकू, संत्र्याचा रस यांविषयी आहारतज्ज्ञास विचारावे. पंचकोनी आंबट करमळे तर या रुग्णांस विषासमानच आहेत. ‘कमी सोडियमचे मीठ’ म्हणून जे विकतात त्यात बहुधा पोटॅशियमच असते, तेव्हा ते हिताचे समजून घरी आणू नये. डायलिसिसच्या दिवशी रक्तदाबाची गोळी केव्हा घ्यावयाची, हे डॉक्टरांस विचारून वहीत लिहून ठेवावे. आणि ठरलेली एकही खेप चुकवू नये. लग्न असो, श्राद्ध असो, परीक्षा असो.

एक नाजूक गोष्टही बोलली पाहिजे. दुसऱ्या वर्षी मूत्रपिंडरोपणाचा विचार निघाला, तेव्हा आम्ही सारे भाऊ बाहेरच्या खोलीत बसलो आणि कोणी मूत्रपिंड द्यावे याची चर्चा केली. अण्णा आतल्या खोलीत होते. मुलगी द्यावयास तयार आहे, असे ठरलेही. तेव्हा अण्णा बाहेर आले आणि म्हणाले, “माझ्याविषयी बोलता आहात ना? मग मला खुर्ची द्या.” त्यांनी मुलीचे मूत्रपिंड घेण्यास नकार दिला. आम्हांस तेव्हा राग आला. रोपण शक्य असेल तर पुष्कळांस ते डायलिसिसहून हितकर ठरते, आणि ते टाळावे असे आम्ही कोणास सांगणार नाही. परंतु आपल्या देशात जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत स्त्रियांचीच संख्या अधिक आहे, हेही विसरता येत नाही. घेणाऱ्यास आणि देणाऱ्यास, दोघांसही मोकळेपणी विचारल्यावाचून असा निर्णय घरातील वडीलधाऱ्यांनी परस्पर करू नये. त्या दिवसापासून अण्णांची खुर्ची प्रत्येक बैठकीत पहिली मांडली गेली.

आता मंडळास तीन विनंत्या. पहिली, हा आजार लपविण्याची चाल सोडावी. मुलीच्या लग्नाच्या आड येईल या भीतीने आपल्यातील काही घरे डायलिसिसची गोष्ट बाहेर पडू देत नाहीत. मग ज्याने सहा वर्षे काढली त्याचा अनुभव नव्याने अडकलेल्यास मिळत नाही. दुसरी, आपल्या पंक्तीतील आग्रह थांबवावा. पाहुणा नको म्हणाला की वाढपी पुढे सरकला पाहिजे. त्या नकारामागे कोणाचा जीव असेल ते आपणांस ठाऊक नसते. तिसरी, कार्यालयात एक वही ठेवावी. ज्यांच्या घरी डायलिसिस झाले आहे आणि जे नव्या कुटुंबाशी बोलावयास, एखादे दिवशी सोबत जावयास तयार आहेत, त्यांनी आपली नावे स्वेच्छेने तीत लिहावी. सरकारने २०१६ साली प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू केला. आपल्या राज्यातील महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतही डायलिसिसचा समावेश आहे. यांची कागदपत्रे भरण्याचे साहाय्य आमच्यासारख्या निवृत्त कारकुनांनी करावयाचे नाही तर कोणी?

अण्णा दोन वर्षांपूर्वी गेले. वहिनींनी तीन वह्या भरल्या होत्या. शेवटच्या पानावर अण्णांच्याच हस्ताक्षरात त्या दिवसाचे वजन आहे, आणि त्याखाली पाण्याचा हिशेब. तो चोख जुळतो.

मंडळाच्या कार्यालयातील नव्या वहीत पहिले नाव वहिनींनी आज सकाळी लिहिले आहे, दुसरे आमचे आहे. पुढची पाने कोरी आहेत.